हलला, जागा बघायला

शहराचं नाव हल,
आणि गाडी इथून पुढं हलत नाही.
रूळ संपतात तिथं बफरला टेकून
एक माणूस सॉसेज रोल खात होता.
नऊ चाळीस, मंगळवार. वारा नदीवरून, तिरपा.

हातात मोजणीचं यंत्र. एक माणूस, एक टिक.
लंडनच्या ऑफिसला हवेत
ताशी आठशे पाय,
(पाय म्हणजे माणसंच, जोडीला भागायचं नाही,
हे मला पहिल्याच आठवड्यात समजावलं गेलं)
वय अठरा ते चौतीस,
शेजारी कॉफी, समोर बस, भाडं बेताचं.

एजंट कीथ ब्लेंकिन.
रस्त्याच्या पाटीवर एक लिहिलंय, तो म्हणतो वेगळंच,
मधली अक्षरं गिळून,
माझी आत्या 'येतो आहेस का'चं 'येतैस?' करते तसं.
पुढच्या वळणावर गल्लीचं नाव :
हिरव्या आल्याची भूमी.
"का?"
"कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. अभिमानानं.

जागा तळमजल्याची. जुनं कापडाचं दुकान, पाच वर्षं बंद.
कीथनं बटण दाबलं, दिवा लागला नाही,
मोबाइलचा लावला.
काउंटर होतं तिथं फरशीवर फिकट चौकोन.
मागच्या खोलीत ओळीनं खुंट्या,
वर पेन्सिलीनं नावं :
आयरीन, पॅट, धाकटी पॅट.
मी मापं घेतली.
छताची उंची बरी आहे.

माझ्या वडिलांनी बार्शीत दुकान टाकायच्या आधी
चार आठवडी बाजार चहाच्या गाड्यावर बसून काढले.
माणसं मोजली नाहीत. पिशव्या बघितल्या.
येताना रिकामी, जाताना फुगलेली,
आणि फुगलेलीत काय : बी, तेल, की कापड.
"पाय काय, कुत्र्यालाही चार असतात," म्हणायचे.
ते दुकान चाललं नाही, हेही सांगायला हवं.
कोपरा चांगला होता.
उधारी फार झाली.

बारा ते एक : चारशे बारा.
बरेचसे हात खिशात.

बंद काचेपुढं एक बाई थांबली,
साठीची, एक टाच झिजलेली.
काचेत बघून कॉलर सारखी केली,
ओठांवर ओठ दाबले
आणि कुणाला तरी भेटायला निघाली.
मग डिलिव्हरीवाला पोरगा, हेल्मेट काढून, केसांसाठी.
मग एक जण पोट आत घेऊन.
दुकान बंद, आरसा चालू.
तिघांचं टिक करायचं राहूनच गेलं.

त्याच वाऱ्यात माझ्या कोटाचं बटण गेलं.
कोट आमच्याच कंपनीचा, गेल्या सीझनचा.
मार्केटात, मासे आणि मोबाइलची कव्हरं यांच्या मधे
बिस्किटांच्या डब्यात बटणं घेऊन बसलेली मॉरीन सायझर.
तिनं तीन लावून बघितली, चौथं शिवलं,
दोरा दातानं तोडला,
अस्तर उलटून बघितलं, न विचारता.
"अगं पोरी, हे शिवलंय कुठं? चिकटवलंय."
साठ पेन्स.
"तुम्ही दुकान आणणार म्हणे?"
"बघतेय."
"बघायला चौघं येऊन गेले. त्यातल्या एकाच्या
पँटची चेन मीच बसवून दिली."

परतीच्या गाडीत फॉर्म भरला.
भाडं, छत, बस, कॉफी.
राहिलेले तीन मिळवले : चारशे पंधरा.
लंडनला पुरायचे नाहीत.
'इतर'च्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना,
बटणावर बोट फिरवत बसले.
रंग जुळलेला नाही. बाकीची दोन भोकांची, हे चार.
मग लिहिलं : शिलाईची सोय आहे, मार्केटात.

डॉनकास्टरला नऊ जण चढले.
यंत्र पर्समध्ये होतं.
मी त्यांच्या हातांकडं बघितलं.